मोलकरणीच्या ओठांवर राहिलेली गीते : ॲन ग्रिफिथ्स

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचे गाव आहे. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या मैत्रिणीस लिहिलेले एक पत्र जपून ठेवलेले आहे. पत्र धर्मविषयक आहे, आणि त्यात एक कडवेही आहे. वेल्श भाषेतील श्रेष्ठ भक्तिकवींत जिची गणना होते त्या ॲन ग्रिफिथ्सच्या स्वतःच्या हातचे आज एवढे एकच कडवे उपलब्ध आहे. बाकीची सत्तरएक कडवी तिच्या अक्षरात कोठेही सापडत नाहीत. ती आपल्यापर्यंत आली ती तिच्या घरी राबणाऱ्या एका मोलकरणीच्या पाठांतरातून, आणि त्या मोलकरणीला लिहिता येत नव्हते.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी राहिल्या, त्यामुळे या गोष्टीचे आपल्याला एकदम नवल वाटणार नाही. पण ज्या काळाची ही हकीकत आहे तो छापखान्याचा काळ होता. इंग्लंडात आयझॅक वॉट्सचा गीतसंग्रह १७०७ मध्येच छापून झाला होता. चार्ल्स वेस्लीने आयुष्यात सहा हजारांहून अधिक भक्तिगीते रचली आणि ती छापण्यासाठी त्याच्या पंथाची यंत्रणा सज्ज होती. खुद्द वेल्समध्ये विल्यम विल्यम्स पँटिकेलिन (१७१७–१७९१) याची शेकडो गीते पुस्तकरूपाने घरोघर पोचली होती. अशा छापील युगात ॲनची गीते मात्र एका बाईच्या स्मरणशक्तीच्या आधाराने तरली. तिचे चरित्र सांगताना म्हणूनच दोन बायकांविषयी बोलावे लागते. त्यांपैकी एकीचेच नाव पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येते.

ॲनचा जन्म १७७६ च्या एप्रिल महिन्यात झाला. मध्य वेल्सच्या उत्तर भागात माँटगोमेरीशायर नावाचा परगणा होता (आता तो पोविस या मोठ्या विभागात आला आहे). त्यातील लानविहांगेल या खेडेगावच्या हद्दीत डोल्वार वाख हे शेतघर आहे. ही नावे वाचताना जीभ अडखळते याची मला जाणीव आहे. वेल्श भाषेतील दुहेरी 'एल'चा घर्षणयुक्त उच्चार देवनागरीतच काय, इंग्रजीतही नीट उतरत नाही. वाचकांनी ही नावे अंदाजानेच वाचावीत. भोवती हिरव्या टेकड्या, मेंढ्यांची कुरणे, ओढे, मधूनच दगडी घरे आणि वर्षातील बरेच महिने पाऊस, असा हा मुलूख. घरची शेती कुळाची होती. श्रीमंती नव्हती, पण ओढगस्तही नव्हती. वडील जॉन इव्हान टॉमस हे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ, चर्चच्या व्यवस्थेत भाग घेणारे आणि गावठी पद्यरचनेचा नाद असलेले. आईचे नाव जेन. पाच भावंडांत ॲन चौथी.

घर धार्मिक होते, पण त्या धार्मिकपणात कडकपणा नव्हता. घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना होई, आणि रविवारी सगळे मिळून गावच्या चर्चला जात. घरातले कुत्रेही रविवारी चर्चला जाई आणि घरची मंडळी न गेली तरी ते एकटे जाऊन आपल्या जागेवर बसे, अशी एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या घराचे वळण तिच्यातून कळते. नाताळच्या पहाटे अंधारातच लोक चर्चमध्ये जमत आणि मेणबत्त्यांच्या उजेडात जुनी वेल्श गीते वाद्यांवाचून गात. या प्रथेला तिकडे 'प्लगाइन' म्हणतात. आपल्या काकडआरतीची आठवण व्हावी असा हा प्रकार. ही गीते लांबलचक असत, यमक-अनुप्रासांनी गच्च भरलेली असत, आणि त्यांत ख्रिस्ताच्या जन्मापासून मरणापर्यंतचा सारा धर्मविचार गोवलेला असे. ॲन लहानपणापासून हे ऐकत वाढली. तिने पुढे जी रचना केली तिचे मूळ पुष्कळजण मेथॉडिस्ट पंथाच्या शिकवणीत शोधतात. माझ्या मते तिचा कान त्याआधीच, या पहाटेच्या गाण्यांत तयार झाला होता.

तिचे शिक्षण बेताचेच. पण वाचता-लिहिता येत होते, आणि त्या काळच्या शेतकऱ्याच्या मुलीसाठी ते थोडे नव्हे. याचे श्रेय ज्या चळवळीला जाते तिच्याविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. वेल्समध्ये न्यायालय, सरकार आणि जमीनदार यांची भाषा इंग्रजी होती, सामान्य माणसाची भाषा वेल्श. आपल्या सीमाभागातील वाचकाला हा पेच समजावून द्यायला नको. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स (१६८४–१७६१) या धर्मगुरूने फिरत्या शाळांची योजना काढली. शिक्षकाने एका गावी जायचे, हिवाळ्यातले दोन-तीन महिने मुलांना आणि मोठ्यांनाही मातृभाषेत बायबल वाचायला शिकवायचे आणि पुढच्या गावी जायचे. लाखाहून अधिक माणसे अशा शाळांतून वाचायला शिकली. बायबलचे संपूर्ण वेल्श भाषांतर १५८८ मध्येच झाले होते. ते वाचणारा वर्ग आता तयार झाला. पुढे बाला या गावच्या थॉमस चार्ल्स यांनी अशा शाळा पुन्हा सुरू केल्या आणि त्यांना रविवारच्या शाळांची जोड दिली. याच चार्ल्स यांच्याकडून बायबल विकत घेण्यासाठी १८०० साली मेरी जोन्स नावाची एक गरीब मुलगी डोंगरातून चाळीसएक किलोमीटर चालत बालाला गेली. बायबल सोसायटीच्या स्थापनेच्या (१८०४) संदर्भात तिची गोष्ट नेहमी सांगितली जाते.

ॲन सतरा वर्षांची असताना, १७९४ च्या आरंभी, तिची आई वारली. मोठ्या बहिणींची लग्ने होत गेली आणि घराची जबाबदारी तिच्यावर येऊन पडली. स्वयंपाक, दूधदुभते, सूतकताई, गडीमाणसांचे जेवणखाण ही सारी कामे ती करी. या वयात ती हसरी, बोलकी, थोडी फटकळ आणि नाचगाण्याची शौकीन होती. तिच्या हयातीतील चित्र नाही. पण ती उंच, गोरी, काळ्या केसांची आणि तेजस्वी डोळ्यांची होती असे वर्णन तिला ओळखणाऱ्याने करून ठेवले आहे. मेथॉडिस्ट लोकांची तिला चेष्टा वाटे. त्यांचे मोठे मेळावे बालाला भरत. खेड्यापाड्यांतून तिकडे पायी निघालेल्या जथ्यांना पाहून ती त्यांना मक्केचे यात्रेकरू म्हणून हिणवी.

हे मेथॉडिस्ट म्हणजे त्या वेळी चर्चच्या आतच असलेला एक आग्रही गट होता. हॉवेल हॅरिस, डॅनियल रोलंड आणि पँटिकेलिन यांनी १७३५ नंतर हा पंथ वेल्समध्ये रुजवला. उघड्यावर उपदेश, आवेशपूर्ण गायन आणि छोट्या मंडळ्यांत एकमेकांच्या अंतःकरणाची झाडाझडती ही त्यांची वैशिष्ट्ये. जुन्या वळणाच्या लोकांना ते अतिरेकी वाटत. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर तर अशा मंडळ्यांकडे सरकारही संशयाने पाहू लागले. ॲनच्या घरात प्रथम तिचा भाऊ जॉन या पंथाकडे वळला.

तिच्या आयुष्याला वळण मिळाले ते १७९६ साली. ईस्टरच्या सुमारास जवळच्या लानवथ्लिन गावी जत्रा होती, आणि नटूनथटून, नाचायच्या बेताने ती तेथे गेली होती. तिच्या घरी पूर्वी कामाला असलेली एक बाई तिला तेथे भेटली आणि बाहेरगावचा एक चांगला उपदेशक आला आहे, त्याला ऐकायला चल, असा तिने आग्रह धरला, असे म्हणतात. पुहेलीचे बेंजामिन जोन्स हे ते उपदेशक. ॲन गेली ती जत्रेतील करमणुकीचाच एक भाग म्हणून; परत आली ती अस्वस्थ होऊन. तिच्या कथेच्या आरंभी आणि शेवटी अशा घरच्याच दोन मोलकरणी उभ्या आहेत, आणि आरंभीचीचे नावही चरित्रांत सहसा येत नाही.

ही अस्वस्थता लगेच शमली नाही. सुमारे वर्षभर ती चर्च आणि मेथॉडिस्ट मंडळी यांच्यामध्ये घुटमळत होती. अखेर १७९७ मध्ये ती पाँट्रॉबर्ट येथील मंडळीत सामील झाली. हळूहळू घरातील इतरही त्या बाजूस आले आणि डोल्वार वाख हेच उपदेशकांच्या उतरण्याचे आणि सभांचे ठिकाण बनले. नाचाची आवड गेली. जिने यात्रेकरूंची टर उडवली होती तीच आता दर महिन्याला बेरविन पर्वताच्या खिंडी ओलांडून बालाला जाऊ लागली. मेथॉडिस्टांचे बहुतेक उपदेशक दीक्षित धर्मगुरू नव्हते. प्रभुभोजनाचा विधी मात्र दीक्षित धर्मगुरूनेच करायचा असे. थॉमस चार्ल्स तसे होते, म्हणून लोक बालाला जात. एका बाजूचे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर, वाट डोंगराची, हवा बेभरवशाची. सोबतची मंडळी वाटेने गात जात आणि ऐकलेल्या प्रवचनाची उजळणी करीत परत येत. आपल्या वाचकाला येथे दुसऱ्या कोणत्या वाटेची आठवण होईल ते मी सांगायला नको.

या मंडळीतच तिची जॉन ह्यूजशी ओळख झाली. हा तिच्याहून वर्षाने मोठा, विणकराचा धंदा करणारा गरीब तरुण. चार्ल्स यांच्या फिरत्या शाळांत तो शिक्षक झाला आणि १८०० च्या आसपास काही काळ डोल्वार वाख येथेच राहिला. दिसायला ओबडधोबड, आवाज कर्कश, पण बुद्धीने तल्लख आणि धर्मशास्त्रात मुरलेला. दोघांच्या चर्चा तासन् तास चालत. तो दुसरीकडे गेल्यावर पत्रव्यवहार सुरू झाला. ॲनची त्याला आलेली सात पत्रे त्याने वहीत उतरवून ठेवली म्हणून ती टिकली. मैत्रिणीला लिहिलेले, आरंभी सांगितलेले पत्र आठवे. या पत्रांवरून काही लेखकांनी प्रेमकथा रचण्याचा प्रयत्न केला आहे. पत्रे वाचली तर तो पोकळ वाटतो. त्यांत देवाच्या पावित्र्याची भीती आहे, स्वतःच्या चंचल मनाबद्दलची तक्रार आहे, शास्त्रवचनांचा अर्थ लावण्याची धडपड आहे. पंचविशीच्या आतबाहेरची एक शेतकरी मुलगी, औपचारिक शिक्षण जवळपास नाही, आणि ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व एकत्र कसे नांदते यासारखे प्रश्न ती पत्रातून विचारते, हेच त्यांतले खरे आश्चर्य आहे.

रूथ इव्हान्स ही १८०१ च्या सुमारास या घरी कामाला आली. तीही मेथॉडिस्ट होती. मालकीण आणि मोलकरीण अशा नात्याने दोघी एकत्र आल्या, पण मंडळीत त्या एकमेकींच्या बहिणी होत्या, आणि शेतघरात दोघींच्या कामातही फार अंतर नव्हते. दोघींचे बोलणे होई ते चुलीपाशी, गोठ्यात, चरख्याशी. ॲनला आपल्या आध्यात्मिक अनुभवांची रोजनिशी ठेवावीशी वाटे. ती ठेवली गेली नाही, आणि तिच्याऐवजी गीते होऊ लागली. मनात काही विशेष हालले की एखादे कडवे जुळे. कधी ती डोळे पुसत खाली येई आणि रूथला नवे कडवे म्हणून दाखवी. एकदा बटाटे आणायला गेली ती बराच वेळ परतली नाही. पाहायला गेले तर ती तेथेच भान हरपून बसली होती, अशीही आख्यायिका आहे. ही गीते लिहून ठेव, असे रूथ तिला विनवी. ती ऐकत नसे. आपली रचना त्या योग्यतेची नाही, ती आपल्याच समाधानासाठी आहे आणि आपल्यामागे ती लोकांच्या हाती पडावी अशी आपली इच्छा नाही, असे तिचे म्हणणे होते. जॉन ह्यूजने पुढे हे सारे नोंदवले आहे.

रूथने ही कडवी पाठ केली ती जतन करण्याच्या हेतूने केली असे दिसत नाही. ती चालीवर म्हटली जात होती, कानावर पडत होती, काम करताना तोंडात बसत होती. मुद्दाम पाठ केलेले माणूस विसरते, कामाबरोबर आलेले गाणे विसरत नाही. घरच्या आजीला ओव्या आठवायला सांगितले तर तिला आठवत नाहीत. जात्याच्या खुंट्याला हात लागला की आठवतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

१८०४ च्या आरंभी वडील वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ॲनचे टॉमस ग्रिफिथ्स या मेथॉडिस्ट शेतकऱ्याशी लग्न झाले, आणि ज्या आडनावाने ती प्रसिद्ध आहे ते तिला मिळाले. ते तिला जेमतेम दहा महिने वापरता आले. दोघे डोल्वार वाख येथेच राहिली. १८०५ च्या जुलैमध्ये तिला मुलगी झाली. तिचे नाव एलिझाबेथ. मूल दोन-अडीच आठवडेच जगले. बाळंतपणातून ॲन सावरली नाही आणि ऑगस्टमध्ये तीही गेली. १२ ऑगस्ट १८०५ रोजी लानविहांगेलच्या चर्चच्या आवारात तिचे दफन झाले. वय एकोणतीस.

त्या दिवशी तिची गीते कोठे होती? मैत्रिणीच्या घरी एका पत्रात एक कडवे होते. बाकी रूथच्या डोक्यात. त्या काळी खेडेगावात विषमज्वराची एक साथ, एक अवघड बाळंतपण किंवा एखादा कडक हिवाळा एवढ्यानेही माणूस जाई. रूथ गेली असती तर ॲन ग्रिफिथ्स हे नाव फार तर चर्चच्या नोंदवहीत राहिले असते.

रूथचे लग्न त्याच वर्षी, १८०५ मध्ये, जॉन ह्यूजशी झाले होते. ॲनच्या आयुष्यातील या दोन व्यक्ती एका घरात आल्या हा योगायोग वेल्श साहित्याच्या पथ्यावर पडला. एकीला गीते येत होती, दुसऱ्याला लिहिता येत होते. रूथने आठवून आठवून कडवी सांगितली आणि जॉनने ती वह्यांत उतरवून घेतली. थॉमस चार्ल्स यांना त्यांचे मोल पटले, आणि १८०६ मध्ये बाला येथे छापल्या गेलेल्या एका गीतसंग्रहात ती प्रथम लोकांपुढे आली.

छापताना मात्र त्यांच्यावर संस्कार झाला. ॲनच्या ओळी सर्वत्र सारख्या मापाच्या नव्हत्या. कोठे अक्षर जास्त, कोठे यमक ओढाताणीचे, कोठे प्रतिमेवर प्रतिमा चढलेली. संपादकांनी हे सारे घासूनपुसून मंडळीत गाण्याजोगे केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता; शेकडो लोकांनी एका सुरात म्हणायचे गीत खडबडीत असून चालत नाही. पण पुढे शंभर वर्षे लोक जी ॲन गात होते ती थोडी गुळगुळीत झालेली ॲन होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन ह्यूजच्या वह्यांमधील पाठ प्रसिद्ध झाले तेव्हा तिचा मूळचा, जास्त रांगडा आणि जास्त धीट आवाज ऐकू आला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रूथला छंदःशास्त्र ठाऊक नव्हते, तरी खडबडीत ओळी तिने तशाच खडबडीत सांगितल्या. जाणत्या संपादकांनी ज्या ओळी बदलल्या त्या रूथने बदलल्या नाहीत. तिच्या स्मरणाच्या प्रामाणिकपणाचा यापेक्षा मोठा पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही. अर्थात कोणती कडवी मिळून एक गीत होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ॲन बहुधा एकेक सुटे कडवे रचीत असे, आणि आज जी तीसएक गीते मोजतात त्यांतील काहींची जुळणी नंतरच्या हातांची आहे.

या गीतांत आहे तरी काय? बायबलचे इतके दाट संदर्भ असलेले काव्य भाषांतरात आणणे कठीण. त्यांचा गाभा मात्र सांगता येईल. ॲन पापाबद्दल रडत बसत नाही. तिचे मुख्य भांडवल विस्मय हे आहे. सृष्टीला प्राण देणारा मरतो, ज्याने सर्व धरून ठेवले आहे त्याला थडग्यात ठेवले जाते, या विरोधाकडे ती पुनःपुन्हा परत येते आणि दर वेळी नव्याने थक्क होते. तिचे सर्वांत दीर्घ गीत सात कडव्यांचे आहे आणि ते या विस्मयावरच उभे आहे. साँडर्स लुईस या वेल्श नाटककार-समीक्षकाने १९६५ साली न्यूटाउन येथील राष्ट्रीय साहित्यसंमेलनात, म्हणजे आयस्टेडव्हॉडमध्ये, व्याख्यान देऊन या गीताची गणना युरोपातील थोर धार्मिक काव्यात केली. गीतरत्न या जुन्या करारातील प्रेमकाव्याच्या आधाराने ती ख्रिस्ताला प्रियकराच्या रूपातही पाहते. तिचे सर्वांत लोकप्रिय गीत जखऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टान्तावरून स्फुरले आहे : मर्टलच्या झुडपांत कोणी उभा आहे, त्याची पुरती ओळख अजून पटलेली नाही, पण जगातल्या सर्व प्रिय वस्तू त्याच्यापुढे फिक्या आहेत. पत्नीच्या भावाने देवाला आळवणारे काव्य मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या वाचकाला परके नाही. अक्कमहादेवीची वचने ज्याने वाचली आहेत त्याला ॲनच्या धीटपणाचा धक्का बसणार नाही. इंग्रज वाचकाला तो बराच काळ बसत असे.

जनाबाईचे नाव मनात आल्याशिवाय राहत नाही. तेथे नामदेवांच्या घरची दासी स्वतःच कवयित्री होती. येथे कवयित्री मालकीण आणि दासी तिची राखणदार. आपल्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने आणि आप्ताने टिपून ठेवली नसती तर १९५२ चा तो संग्रह आपल्या हाती आला नसता. रूथला मात्र टिपणाऱ्यांच्या यादीतही जागा मिळत नाही, कारण टिपले ते तिच्या नवऱ्याने.

जॉन ह्यूज पुढे धर्मोपदेशक झाला. मेथॉडिस्टांनी १८११ मध्ये चर्चपासून वेगळे होऊन स्वतःचे धर्मगुरू नेमायला सुरुवात केल्यावर काही वर्षांनी त्यालाही दीक्षा मिळाली. पाँट्रॉबर्टच्या छोट्या प्रार्थनामंदिराला लागून असलेल्या घरात त्याने आयुष्य काढले आणि १८५४ मध्ये तेथेच तो वारला. ॲनचे पहिले चरित्र त्याने १८४६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनी, एका वेल्श नियतकालिकात लिहिले. तिला प्रत्यक्ष ओळखणाऱ्याचे ते एकमेव चरित्र. १८६५ मध्ये मॉरिस डेव्हिस यांनी मोठे चरित्र लिहिले तोवर आख्यायिकांची भर पडू लागली होती. बटाट्यांची गोष्ट, कुत्र्याची गोष्ट अशा कथांचा विचार करताना हे अंतर ध्यानात ठेवावे. डोलानॉग गावी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तिच्या स्मरणार्थ एक प्रार्थनामंदिर बांधले गेले. तेथे दगडात कोरलेला तिचा चेहरा आहे, पण तो कल्पनेचाच.

तिच्या पंथाचा हिंदुस्थानशीही संबंध आला. वेल्श मेथॉडिस्टांनी १८४० मध्ये आपला पहिला धर्मप्रचारक खासी टेकड्यांकडे पाठवला. तो थॉमस जोन्स, माँटगोमेरीशायरचाच. खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत त्याने घालून दिली. वाचायला शिकवून मग गायला लावायचे ही वेल्सची जुनी पद्धत अशा रीतीने आसामच्या डोंगरांतही आली.

मर्टलच्या झुडपांचे ते गीत वेल्समध्ये आज ज्या चालीवर म्हणतात ती ॲनच्या नंतर शंभर वर्षांनी बांधलेली आहे. १९०७ मध्ये पाँटिप्रिद शहराजवळच्या एका प्रार्थनामंदिरासाठी कोळशाच्या खाणीच्या रेल्वे कचेरीतील एका कारकुनाने ती रचली. 'कूम ऱ्होंद्दा' हे तिचे नाव. या कारकुनाचे नावही जॉन ह्यूज (१८७३–१९३२). पाँट्रॉबर्टच्या जॉन ह्यूजशी त्याचा काही संबंध नाही, वेल्समध्ये हे नाव आपल्या पाटील-कुलकर्ण्यांइतके सर्रास आहे. इंग्रजीत याच चालीवर पँटिकेलिनचे गीत म्हणतात आणि रग्बीच्या सामन्यांत हजारो प्रेक्षक ती चाल गातात. वेल्श भाषेत त्या चालीवर ॲनचे शब्द येतात. २००२ साली वेल्सचे रोवन विल्यम्स कँटरबरीचे आर्चबिशप झाले. ते स्वतः कवी असून त्यांनी ॲनच्या गीतांची इंग्रजी भाषांतरे केली आहेत. त्यांच्या अधिकारग्रहणाच्या समारंभात, इंग्लंडच्या त्या सर्वांत मोठ्या धर्मपीठात, तिचे एक गीत त्यांच्याच भाषांतरात गायले गेले.